खिडकीतल्या बदकाला सांगितलेलं

दुपारच्या जेवणानंतर ऑफिसवर साय धरायची. बोलणी हळू व्हायची, कीबोर्डांची टकटक दूर कुठेतरी पत्र्यावर पाखरं चालल्यासारखी वाटायला लागायची, आणि पडद्याच्या पट्ट्यांमधून आत आलेलं ऊन जमिनीवर रेघोट्या ओढत बसायचं. अशा वेळी ती उठायची, खणातली निळी पिशवी काढायची आणि कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत जाऊन दाराला आतून खुर्ची लावायची. दाराला कडी नव्हती. कडी बसवायची आहे, असं सगळेच म्हणत होते, आणि इतके दिवस म्हणत होते की आता ती बसली आहे असंच सगळ्यांना वाटायला लागलं होतं.

ही खोली पूर्वी बाद कीबोर्डांची आणि गुंतलेल्या वायरींची. बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली तेव्हा तिच्यासाठी रिकामी केलेली. रिकामी म्हणजे काय, वायरी एका फळीवरून दुसऱ्या फळीवर गेल्या होत्या, इतकंच. पण तिला ती आवडायची. दूध काढायचं मशीन चालू केलं की ते एक संथ सूर धरायचं, हं… हूं… हं… हूं…, जसं कोणी गोष्ट ऐकता ऐकता मान डोलवतंय. त्या सुरावर तिच्या पापण्या जड व्हायच्या. आता लेक झोपली असेल. मुठी डोक्याच्या दोन्ही बाजूंना, हात वर केल्यासारखी. सासूबाई शेजारी आडव्या झाल्या असतील, एक हात पाळण्याच्या कडेवर. हे सगळं तिला इतकं स्वच्छ दिसायचं की तिथल्या चादरीचा वासही यायचा.

आणि मग प्लायवुडच्या भिंतीपलीकडून कोणीतरी बोलायला लागायचं.

भिंतीपलीकडे खिडकी होती, आणि खिडकीत एक बदक बसलेलं असायचं. पिवळं, रबरी, लहान मुलांच्या आंघोळीच्या टबात तरंगतं तसं. या धंद्यातली ती एक जुनी रीत आहे. लिहिलेला कोड चालत नसला, चूक कुठेय ते सापडत नसलं, की तो कुणाला तरी मोठ्यानं समजावून सांगायचा. पहिल्यापासून, ओळीओळीनं. ऐकणाऱ्याला काही कळायची गरज नसते. सांगता सांगता सांगणाऱ्याचीच जीभ एके ठिकाणी अडखळते, तो म्हणतो, “अरे, थांब थांब,” आणि चूक सापडते. मग माणसाला कामातून कशाला उठवा? बदक बरं. त्याला चहाही विचारावा लागत नाही.

हे लोक रस्त्यावरचे दिवे लावायचे. स्वतः शिडी घेऊन नव्हे. शहरातल्या रस्त्यांचे दिवे कधी लागायचे, कधी मालवायचे, कुठले मंद ठेवायचे, हे ज्या सॉफ्टवेअरच्या मनावर असतं, ते सॉफ्टवेअर या मजल्यावर बनायचं. सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, “काय गं, एवढं दिवसभर तिथं काय दिवे लावता?” आणि ती म्हणाली होती, “आई, दिवेच लावतो.” त्यावर दोघी इतक्या हसल्या की पाळण्यातली दचकून जागी झाली.

पण ते रजेच्या आधीचं हसू नव्हतं. रजेनंतर तिच्या हसण्यालाही कुठेतरी एक घडी पडली होती.

या आठवड्यात तर जास्तच. टीमचे मुख्य, ज्यांना त्यांच्या पाठीमागे सगळे थोरले म्हणत, त्यांनी सोमवारी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, “नवं शहर घेतोय आपण. कोण कोण आहे ते शुक्रवारी ठरवायचंय. तू आहेस की नाहीस, एवढं सांग. असलीस तर पूर्ण अस बाई, अर्धवट नको, तुझीच ओढाताण होते. आणि घरी थांबायचं असेल तर थांब. राग नाही.”

राग नाही, हे त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं की तिला रडूच आलं. त्याच क्षणी तिनं मनात ठरवून टाकलं होतं. नाही म्हणायचं. शुक्रवारी जायचं, नाही म्हणायचं, आणि टेबलावरचं झाड घेऊन घरी यायचं.

कारण एक गोष्ट तिला आतून टोचत होती, आणि ती सांगण्याजोगी नव्हती. रजेच्या आधी ते बदक नव्हतं. रजेच्या आधी ती होती. कोणाचं काही अडलं की माणसं तिच्या टेबलाजवळ स्टूल ओढून बसायची. ती हातातलं काम ठेवायची, त्यांच्याकडे वळायची आणि म्हणायची, “हं.” पुढचं वाक्य झालं की पुन्हा, “हं.” बऱ्याचदा तेवढ्यानंच भागायचं. ती रजेवर गेली आणि तिच्या खुर्चीवर बदक आलं. परत आली त्या दिवशी सगळ्यांच्या कोडमधल्या चुका काढणाऱ्या टेस्टरबाईनं ते उचलून खिडकीत ठेवलं होतं आणि सगळ्यांदेखत म्हणाली होती, “चला, बदली कामगाराची सुट्टी! मूळ माणूस हजर झालं.” सगळे हसले. तीही हसली. पण नंतर स्टूल ओढून कोणी आलं नाही. सगळे खिडकीत जायचे. सहा आण्याचं रबर आपलं काम करतंय, आणि बिनतक्रार करतंय, हे रोज भिंतीमागे बसून ऐकायचं म्हणजे मौजच होती.

ऐकायचं नाही असं तिनं सुरुवातीला ठरवलं होतं. खोकून पाहिलं. मशीनचा वेग वाढवून पाहिला. पण हात गुंतलेले, कान मोकळे. आणि माणसांचा आवाज असा काही पाझरत यायचा की ठरवलेलं वाहून जायचं.

सगळ्यांत जास्त यायचा तो, ज्याला सगळे दाढी म्हणायचे. हा टीममधला सगळ्यांत जुना प्रोग्रामर. दाढीत त्याची पेन्सिल अडकलेली असायची आणि तो ती खिशात शोधायचा.

“हे बघ,” तो बदकाला सांगायचा, “खांबावर सेन्सर आहे. सेन्सर म्हणतो अंधार पडला, की दिवा लागतो. ह्याच्याहून सोपं काय असेल? मग त्या एका गल्लीत भर दुपारी दिवे का लागतात, सांग बघू. लोक फोन करतात, म्हणतात, आमच्या गल्लीत संध्याकाळ लवकर होते का?” मग थोडं थांबून, निराळ्याच आवाजात, “खरं सांगू, मला हे अडलेलंच आवडतं. गाठ सुटते ना, तेव्हा अंगातून एक थंडगार झुळूक जाते. पण ती सांगायची कोणाला? घरी सांगितलं तर बायको म्हणते, छान झालं, आता कचरा टाकून या.”

टेस्टरबाई यायची ती दबक्या पावलांनी. “माझं काम म्हणजे लोकांच्या पोरांना नावं ठेवणं,” ती म्हणायची. “दिवसभर ह्यांच्या चुका काढायच्या आणि दुपारी ह्यांच्याच टेबलावर डबा उघडायचा. घास उतरत नाही कधीकधी. पण मोडून बघायला मिळतं रे. लहानपणी घड्याळ उघडलं म्हणून पाठ सुजवली होती वडिलांनी. इथं त्याचाच पगार देतात.” आणि मंगळवारी ती म्हणाली होती, “कॉफीचा वास आला की पोटात ढवळतंय. अजून कोणाला बोलले नाहीये. तुला म्हणून सांगते.” मग एक उसासा. “मी गेले की माझ्या खुर्चीवर काय आणतील? कासव?”

भिंतीच्या अलीकडे, बाटली हातात धरून, तिला उठून दार उघडावंसं वाटलं होतं. पण अंगावरचे कपडे अर्धे आणि दाराला खुर्ची. ती नुसतीच बसून राहिली आणि मशीन म्हणत राहिलं, हं… हूं….

एकदा तर थोरले आले होते. त्यांना कोड लिहून युगं झाली होती, त्यामुळे बदकाला सांगायला त्यांच्याजवळ ओळ नव्हती. “मी एका मीटिंगमधून उठतो आणि दुसरीत बसतो,” ते म्हणाले. “मधल्या वेळात तिसरी ठरवतो. हाताला काहीच लागत नाही. संध्याकाळी गच्चीवर जातो. दिवे लागताना बघतो. एकदम नाही लागत ते. पुलापासून सुरू होतात आणि अशी एक ओळ चालत येते. तेवढं बघितलं की वाटतं, जाऊ दे, उद्या येऊ.”

कंपनीनं मध्ये सगळ्यांना विचारलं होतं, इथं काय आवडतं, काय आवडत नाही. पडद्यावर चेहरे होते, हसरे, मख्ख, रडवे. सगळ्यांनी हसरा दाबला आणि कामाला लागले. खरं काय ते बदकाला ठाऊक होतं. आणि तिला.

गुरुवारी ती खोलीतून बाहेर पडली तेव्हा खिडकीजवळ कोणी नव्हतं. तिनं पहिल्यांदाच बदक हातात घेतलं. उन्हानं तापून ते अंगातलं काहीतरी असल्यासारखं कोमट झालं होतं. चोचीवरचा रंग उडालेला. तुला काय काय सांगतात रे, असं ती त्याला म्हणणार, तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई.

“घाबरू नकोस,” त्या म्हणाल्या, म्हणजे घाबरायला हरकत नव्हती. “अंग जरासं गरम लागतंय. किरकिरतेय. पायानं पांघरूण उडवते आणि माझ्या हाताला चावायला बघते.”

“निघालेच आई.”

तिनं बाटल्या पिशवीत कोंबल्या, नळ्या कोंबल्या, लॅपटॉप काखेत मारला आणि निघाली. रस्त्यावर अजून ऊन होतं. घराजवळच्या कोपऱ्यावरची ती गल्ली आली, दाढीच्या तक्रारीची, आणि खरंच तिथले दिवे भर उन्हात लागलेले होते. फिकट, दुधाळ, कोणाचं लक्ष नसलेले. दुसऱ्या एखाद्या दिवसातली संध्याकाळ वाट चुकून या गल्लीत आली आहे आणि आता कुठं जायचं ते न कळून उभी आहे, असं काहीतरी तिला वाटलं. आपणही असेच, तिच्या मनात आलं. भलत्या वेळी भलत्या ठिकाणी उजेड पाडत बसलोय.

घरी पोचली तर लेक आजीच्या खांद्यावर, गाल लाल, डोळ्यांत पाण्याची कड. आईला बघून तिनं आधी हसून घेतलं आणि मग रडायला सुरुवात केली, जणू इतका वेळ रडणं राखून ठेवलं होतं.

“दात आहे गं,” सासूबाई म्हणाल्या. “हिच्या बाबानं पण असंच घर डोक्यावर घेतलं होतं.” त्यांनी पिशवीत हात घातला बाटल्या काढायला, आणि हाताला काय लागलं ते बाहेर काढून धरलं. “आणि हे कुठून आणलंस? आहेत ना घरात ढीगभर खेळणी.”

बदक.

घरात दिवसभर हेच तर करत असते ती, दिसेल ते खेळणं उचलायचं आणि जवळच्या पिशवीत टाकायचं. हाताला तेवढीच सवय. हातानं मालकाला न विचारता टाकलं होतं. बारा बुद्धिमान माणसांचा एकुलता एक श्रोता उचलून ती घरी घेऊन आली होती.

“आई, ते ऑफिसचं आहे.”

“ऑफिसचं?” सासूबाईंनी बदक उलटं करून पाहिलं. “काम काय करतं हे?”

“ऐकतं.”

सासूबाई हसल्या नाहीत. लग्नाआधीपासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, कानाला हेडफोन लावून. “मग आमच्याच खात्यातलं म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “आम्ही तरी काय करत होतो? ह्या टोकाचं माणूस त्या टोकाला जोडून द्यायचं आणि गप्प बसायचं. आता लोक म्हणतील, त्यात काय एवढं. पण मध्ये कोणीतरी बसलेलं लागतं बाई. नाहीतर दोन्हीकडून नुसतं हॅलो, हॅलो.”

तोवर लेकीनं बदक ओढून घेतलं होतं आणि त्याची चोच तोंडात घालून, डोळे मिटून, मन लावून ती चावत होती. रडणं थांबलं. घरात एकदम इतकी शांतता झाली की नळ ठिबकताना ऐकू आला.

सकाळपर्यंत ताप उतरला, पण अंग अजून कोमट होतं. “आज घरूनच करते, दुपारी येऊन जाईन,” असं तिनं कळवलं आणि जमिनीवर सतरंजी टाकून, पुढ्यात लॅपटॉप, शेजारी लेक, अशी बसली. दुपारी जायचं ते नाही म्हणायला, हे तिनं कोणाला सांगितलं नाही. रोजची सकाळची मीटिंग लागली. पडद्यावर ओळखीचे चेहरे चौकोनात बसले होते, आणि नेहमीच्या काल काय केलं, आज काय करणार याच्याऐवजी भलतंच चाललं होतं.

“सफाईवाल्यांना विचारलं?” टेस्टरबाई.

“विचारलं. ते म्हणाले आम्ही त्याला रोज पुसतो, चोरतो कशाला.” दाढीचा चेहरा उतरलेला. “काल संध्याकाळपासून नाहीये. आणि आज त्या गल्लीचं मला शेवटास न्यायचंय.”

थोरले म्हणाले, “अरे, एक रबरी बदक. दुसरं आणू.”

“दुसऱ्याला आधीचं काही माहीत नसेल,” दाढी इतक्या गंभीरपणे म्हणाला की कोणी हसलं नाही.

तिनं घसा साफ केला. “ते… माझ्याकडे आहे.” कान तापले होते. “चुकून पिशवीत आलं. खेळणं समजून. म्हणजे, खेळणंच आहे, पण…”

मग टेस्टरबाई जी हसत सुटली ती तिचा चौकोनच हलायला लागला. मीटिंग कशीबशी संपली, सगळे गेले, दाढी मात्र राहिला.

“अगं, दाखव ना जरा,” तो म्हणाला.

“काय?”

“बदक. पडद्यासमोर धर. पाच मिनिटं.”

बदक लेकीच्या हातात होतं आणि ती ते सोडायला तयार नव्हती. मग तिनं लेकीलाच मांडीवर घेतलं. पडद्यावर आता एक बाळ, बाळाच्या तोंडात बदक, आणि मागे ती. दाढीनं पेन्सिल शोधली, दाढीतच सापडली, आणि त्यानं सुरुवात केली.

“तर हे बघा, दोघंही. खांबावर सेन्सर.”

“हं,” ती म्हणाली. सवयीनं. किती दिवसांनी.

“सेन्सरला उजेड कमी दिसला, की तो म्हणतो रात्र झाली.”

“हं.”

“गल्लीतला एक जरी म्हणाला रात्र झाली, तरी आपण सगळी गल्ली लावतो. अंधारात कोणी राहू नये म्हणून. ते बरोबर आहे. बरोबर आहे ना?”

“हं.”

लेकीला या बोलण्याचा कंटाळा आला असावा. तिनं बदक मांडीवर ठेवलं, शेजारचं लाळेरं ओढलं आणि बदकावर टाकलं. मग दोन्ही हातांनी उडवलं आणि आपल्या भाषेत ओरडली. आजी रोज खेळते तोच खेळ, भोऽक. पुन्हा झाकलं. पुन्हा उडवलं. बदक होतं तिथंच होतं, आणि तरी दर वेळी ते नव्यानं सापडल्याचा आनंद तिच्या सगळ्या अंगाला होत होता.

दाढी बोलता बोलता थांबला. पेन्सिल तशीच हवेत.

“अरे, थांब थांब थांब,” तो पुटपुटला. “रात्र झालेलीच नाहीये. झाकलंय! त्याच्या डोळ्यावर काहीतरी आहे. झाडाची फांदी असेल, पाखराचं घरटं असेल. त्या बिचाऱ्याला वाटतंय रात्र झाली, आणि आपण त्याचं एकट्याचं ऐकून सगळी गल्ली लावतोय. शेजारच्या खांबाला विचारतच नाही!” तो उठून उभा राहिला, त्यामुळे पडद्यावर फक्त त्याचा शर्ट दिसत होता. “शेजारच्याला विचारायचं! एवढंच! अगं, हिला पगार चालू करा!”

तिला हसू आवरेना. लेकीला वाटलं आपल्या खेळालाच हसतायत, तिनं आणखी जोरात भोऽक केलं.

“बघ,” तिनं हसत म्हटलं, “आता बदकही लागत नाही तुम्हाला. बाळ चालतं.”

“बदक कुठं लागत होतं?” शर्ट पुन्हा खाली बसला आणि दाढीचा चेहरा झाला. “तू रजेवर होतीस ना, तेव्हा बदकाशी बोलून बोलून वेड लागायची पाळी आली. ते हं म्हणत नाही. तू आलीस तेव्हा म्हटलं, चला, सुटलो. पण थोरल्यांनी बजावून ठेवलं, तिला कोणी उठवायचं नाही, बिचारीची झोप होत नाही, आल्या आल्या गराडा घालू नका. मग काय करणार? तुझं मशीन चालू झालं की आम्ही खिडकीत जायचो. भिंत हं हं म्हणायची, बरं वाटायचं.”

तिच्या हातातलं लाळेरं खाली पडलं. “म्हणजे मी आत आहे, हे तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, प्लायवुड आहे ते. किल्ला आहे का?”

“आणि तरी सगळं बोलत होतात?”

दाढीनं खांदे उडवले. “तरी काय तरी? तू आत होतीस म्हणूनच.”

दुपारी लेक झोपली. आ वासलेल्या तोंडात, खालच्या हिरडीवर, तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक दिसत होतं. तिनं ते बोटानं हळूच चाचपलं, बदक धुतलं, पुसलं आणि निघाली. चोचीवर आता एक बारीक खाच पडली होती.

ऑफिसवर नेहमीची साय धरलेली. ती सरळ खिडकीशी गेली आणि बदक जागेवर ठेवलं. थोरल्यांच्या केबिनचं दार समोर दिसत होतं. पाय तिकडे वळेनात. नाही म्हणायचं पाठ करून आली होती, आणि आता ते कुठे ठेवलंय ते सापडत नव्हतं.

मग तिनं आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात, थोडी लाजत, बदकाला म्हणाली, “बरं, ऐक. पहिल्यापासून सांगते.

“मला इथं यायला आवडतं. सकाळी मजल्यावर पाऊल टाकलं की डोक्यात एक खिडकी उघडते, ती घरी नाही उघडत. दोन तास कोणी हात न लावता एक गोष्ट मनात धरून ठेवता येते, ते आवडतं. ही वेडी माणसं आवडतात. संध्याकाळी घरी जाताना दिवे लागतात आणि एकाही माणसाला ठाऊक नसतं की त्यातली चार ओळींची वात माझी, ते तर फारच आवडतं.

“आवडत नाही ते पण सांगते. सकाळची मीटिंग आवडत नाही. लेक जागी होऊन हसायला लागते त्याच वेळी ती असते, आणि काल काय केलं हे सांगताना मी तिचं आजचं हसणं बुडवते. दाराला कडी नाही, ते आवडत नाही. पूर्ण अस नाहीतर थांब, असं कोणी म्हटलेलं आवडत नाही, मग ते कितीही मायेनं म्हणोत. आणि माझ्याकडे कोणी येत नाही म्हणजे माझी इथं गरज उरली नाही, म्हणून मी…”

जीभ अडखळली.

ती थांबली. खिडकीबाहेर, झाडाची सावली एका खांबावरून दुसऱ्या खांबावर सरकत होती.

“थांब थांब,” ती स्वतःशीच म्हणाली. “हे कोणी सांगितलं मला? मीच. एकटीनंच ठरवलं, रात्र झाली म्हणून. शेजारी कोणाला विचारलंच नाही.”

आणि भिंतीतून आवाज आला, “हं.”

ती इतकी दचकली की बदक खाली पडायचंच राहिलं. दाराला लावलेली खुर्ची सरकली, आणि दारातून टेस्टरबाईचा चेहरा बाहेर आला, पिवळट, केस कपाळाला चिकटलेले, हातात पाण्याची बाटली.

“तुझी खोली वापरत होते,” ती म्हणाली. “मळमळत होतं. जरा टेकले.”

“कधीपासून आहेस?”

“पहिल्यापासून.” टेस्टरबाई ओशाळून हसली. “चालू ठेव ना. तुझं बरंच जमत आलं होतं.”

मग तिनं पुढे होऊन टेस्टरबाईच्या कपाळावरचे केस मागे सारले, लेकीचे सारते तसे. “कासव नाही आणणार कोणी,” ती म्हणाली. “मी बसेन तुझ्या खुर्चीवर. आणि आधी त्या दाराला कडी लावून घेऊ.”

थोरल्यांच्या केबिनमध्ये ती बसली नाही, उभ्यानंच बोलली, नाहीतर धीर गेला असता.

“तुम्ही विचारलं होतं, आहे की नाही. प्रश्नच तसा नाहीये. मी आहे. पण सकाळची मीटिंग दुपारी घ्या, आणि आठवड्यातले दोन दिवस मी घरून करीन. नव्या शहराचं काम मला पाहिजे. अर्धवट म्हणू नका त्याला. आणि माणसांना सांगा, स्टूल ओढून माझ्याकडे या म्हणावं. मी झोपलेली नसते.”

थोरल्यांनी टेबलावरचं पेन उचलून त्याला टोपण लावलं. “दोन दिवसांचं वर विचारावं लागेल मला,” ते म्हणाले. “ते काय म्हणतील, आत्ता सांगत नाही. मीटिंग माझ्या हातात आहे. सोमवारपासून दुपारी.” मग चेहरा न हलवता, “मला वाटत होतं मी तुझं ओझं कमी करतोय.”

“ठाऊक आहे मला.”

“म्हणजे भिंतीतून…”

“तुमचं पण ऐकलंय,” ती म्हणाली. “पुलापासून ओळ चालत येते ते. मलाही न्या कधीतरी गच्चीवर.”

थोरल्यांचे कान लाल झाले. पण त्यांनी मान डोलावली.

त्या संध्याकाळी ती घरच्या खिडकीशी बसली होती, लेकीला मांडीवर घेऊन. सासूबाई शेजारी पाय पसरून. बदकाची आठवण काढून लेक थोडी रुसली होती. मग लाळेरं घेऊन तिनं ते स्वतःच्याच तोंडावर ओढलं आणि आत गप्प बसली, श्वासानं कापड हलत राहिलं. बाहेर आकाशाचा रंग पाण्यात शाई सोडल्यासारखा हळूहळू गडद होत गेला. दाढीची दुरुस्ती लागू झाल्यापासून कोपऱ्यावरची गल्ली आज दुपारभर बिनदिव्याची होती. आता अंधारत होती, इतर सगळ्या गल्ल्यांसारखी, आपल्या वेळेला.

“लागतील ना गं?” सासूबाईंनी विचारलं.

“बघू,” ती म्हणाली.

लांब पुलाकडे एक ठिपका उमटला. मग दुसरा. मग ती ओळ चालत यायला लागली, घाई नाही, गडबड नाही, एक खांब दुसऱ्याला विचारतोय, दुसरा तिसऱ्याला. कोपऱ्यावरच्या गल्लीशी येऊन क्षणभर थबकल्यासारखी झाली, आणि आत वळली.

लेक अजून कापडाखालीच होती. आईही हलली नाही. सगळे दिवे लागून होईपर्यंत ती तशीच बसून राहिली, मांडीवरचं ऊबदार ओझं सांभाळत, कापड कधी खाली येतंय त्याची वाट बघत.